पाखराची सोंगटी

तो शिसं मागायला आला होता. मासेमारीच्या दोरीला बांधतात ते शिशाचं वजन, पाव किलोचं. कादोवाकी आजोबा त्या दुपारी स्वतःच्या दुकानात बसले असते, तर त्याला ते खालीच मिळालं असतं, तो घेऊन निघून गेला असता आणि मी आज सुखात असते. निदान पाऊस पडला की नीट झोप तरी लागली असती.

पण आजोबा कधी दुकानात बसतात? त्यांचं गळ-दोऱ्यांचं दुकान खाली आणि वरच्या मजल्यावर माझ्या मित्सुए आत्याचा माहजोंगचा, म्हणजे चौघांनी खेळायच्या सोंगट्यांचा, क्लब. दुपारचा एक वाजला की आजोबा खाली ‘वर आहे’ अशी पाटी लावतात आणि वर येतात. आमच्या साकाइमिनातोत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गिऱ्हाईक परगावचं असलं तरच बिचारं जिना चढतं.

नोव्हेंबर होता. बाहेर पाऊस आणि बर्फ एकमेकांत मिसळून पडत होते. दार सरकलं आणि पिवळ्या रेनकोटातला एक उंच माणूस पायपुसण्यावरच थबकला. पापण्यांवरून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"शिसं हवं होतं... खाली कुणीच नाही."

"खाली कुणी नाही, कारण मी वर आहे," आजोबा म्हणाले. "आणि वर मी रिकामा बसलोय, कारण आमचा चौथा गडी दात काढायला गेलाय. बस. एक डाव खेळ, मग शिसं."

"मला येत नाही हो."

"ही शिकवेल." त्यांनी हनुवटीने मला दाखवलं. "कायो. हिच्याशी खेळण्यात काही राम नाही, दगडातून पाणी काढावं तसं होतं. पण शिकवते चांगलं."

आजोबांचं म्हणणं खोटं नव्हतं. या खेळात दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर आपला हात पुरा झाला, की आपण जिंकतो आणि टाकणारा एकटा भरतो. माझ्या सोंगटीवर वर्षवर्ष कुणी जिंकत नसे. मीही फारशी जिंकत नसे, ते वेगळं. माझा दुसरा नंबर ठरलेला.

तर तो बसला. नाव रेईजी नोसाका. बंदराच्या धक्क्याला पडलेल्या भेगा मोजायला आलेला इंजिनियर, मार्चअखेरपर्यंत मुक्काम. मी त्याच्या मागे उभी राहिले आणि आत्याने मला शिकवलं होतं तसं सांगायला लागले. हातात तेरा सोंगट्या. एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार गट आणि एक जोडी झाली की जिंकलात. सुंदर हात जुळवायच्या नादी लागू नका, लवकर जुळवा. एकट्या पडलेल्या सोंगट्या आधी काढा. आणि शेवटची सोंगटी अशी राखा की दोन्ही बाजूंनी दार उघडं राहील. तीन-चार हातात असले की दोनही चालतो, पाचही चालतो. एकाच सोंगटीवर जीव टांगून बसायचं नाही.

"मग हे पाखरू टाकू?" त्याने विचारलं. बांबूच्या एक्क्यावर आमच्याकडे पाखरू कोरलेलं असतं, लाल-हिरवं, शेपटी वर केलेलं.

"टाका. काठावरची सोंगटी आहे, एकटी आहे. काही कामाची नाही."

त्याने ते उचललं, अंगठ्याने पुसलं आणि परत हातात ठेवलं. "राहू दे. बाहेर पाऊस आहे."

आमच्या रोजच्या खेळणाऱ्या यासूए काकू एवढ्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. मी हसले नाही. मागे उभं राहणाऱ्याने चेहरा कोरा ठेवायचा, हा आमच्याकडचा पहिला नियम. मागच्याचं तोंड बघून समोरच्यांना हात कळला, तर तो खेळणाऱ्याचा घात. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी दुसरं लग्न केलं आणि मला आत्याकडे पाठवलं. तेव्हापासून मी या टेबलांच्या मागे उभी आहे. काही मागायचं नाही, कुणाला जड व्हायचं नाही, म्हणजे इथूनही कुणी पाठवणार नाही, असं मी त्या वयात मनाशी ठरवलं होतं. कोरा चेहरा मला शिकवावा लागला नाही.

पाखरामुळे तो डाव तो सपशेल हरला. शिसं घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत परत आला, आणि मग येतच राहिला.

तो वाईट खेळायचा, हे आधी सांगते. गणिताचा माणूस, पण खेळताना गणित खुंटीला टांगून ठेवायचा. पुढे आजोबांनी त्याला शिसं दिलं की, "वर भेटू," म्हणायचे, आणि आत्या त्याच्या वाटणीचा चहा मला सांगण्याआधीच ओतायची. आत्याची नजर दोन वर्षांपासून अधू होत चालली होती. सोंगटीवरची नक्षी कोरलेली असते, ती अंगठ्याने चाचपून ती खेळायची आणि चांगली खेळायची. पण चहा ओतताना कपाबाहेर जायचा. रेईजीच्या कपात मात्र कधी चुकला नाही.

"तुम्ही मागे उभ्या असल्या की मला कळतं," तो एकदा मान न वळवता म्हणाला.

"काय कळतं?"

"चांगली सोंगटी आली की तुम्ही श्वास रोखता."

"मी काही रोखत नाही."

"आता रोखलात."

यासूए काकूंनी घसा खाकरला. मी चहाची किटली भरायला गेले. ती भरलेलीच होती.

डिसेंबरात एकदा गंमत झाली. रेईजीने 'रीची' केली. म्हणजे आता एकच सोंगटी बाकी आहे हे सगळ्यांना सांगायचं, टाकलेली सोंगटी आडवी ठेवायची, मध्ये एक काडी ठेवायची. एकदा सांगितलं की हात बदलता येत नाही, उचललेली जुळली तर जिंकायचं, नाहीतर ती टाकून द्यायची. यासूए काकूंनी नेमकी त्याला हवी ती सोंगटी टाकली आणि हा गप्प बसला. काकू सकाळपासून हरत होत्या, त्यांची दया आली म्हणे. पुढच्या फेरीत आजोबांनी तीच टाकली, तेव्हा मात्र हा आनंदाने 'जिंकलो' म्हणत हात उघडायला लागला.

मी त्याचा हात धरला. पहिल्यांदाच धरला... आणि पटकन सोडलाही.

"चालत नाही," मी म्हटलं. "रीचीनंतर आपली सोंगटी एकदा जाऊ दिली, की त्या डावात मग ती कुणाच्याही हातून घेता येत नाही. स्वतःच्या हाताने उचललीत तरच."

"कुणाच्याही?"

"कुणाच्याही. म्हणून त्यानंतर ती सोंगटी सगळ्यांना सुरक्षित. कुणीही डोळे मिटून टाकावी."

"फार कडक नियम आहे."

"दया करायची तर घरी करावी," आत्या म्हणाली, आणि सगळे हसले.

त्या दिवशी मी त्याला जिना उतरून दारापर्यंत सोडायला गेले. तो विचारत होता की कुणी रीची केली तर मी नेमकं काय करते, कारण माझी सोंगटी कुणाला कधीच लागत नाही. मी सांगितलं, सोपं आहे. प्रत्येकाने टाकलेल्या सोंगट्या त्याच्यासमोर ओळीने मांडलेल्या असतात. रीची करणाऱ्याने स्वतः जे टाकलंय तेच आपण टाकायचं. त्याने टाकलेल्यावर तो जिंकू शकत नाही. आपला हात कितीही चांगला असो, मोडायचा आणि त्याचंच त्याला परत द्यायचं.

"आज थंडी फार आहे," तो म्हणाला.

"हो, फार थंडी आहे."

"पण हवा छान आहे."

"छान आहे हवा."

तो छत्री उघडता उघडता थांबला आणि हसायला लागला. "कायो-सान, तुम्ही बोलतानासुद्धा तेच करता. मी टाकलेलं मलाच परत टाकता."

मला राग यायला हवा होता. पण अठरा वर्षांत माझ्याकडे इतकं नीट कुणी बघितलंच नव्हतं. मी वर येऊन बेसिनपाशी उभी राहिले आणि उगाच चार वेळा हात धुतले. प्रेमात पडले, दुसरं काय. सांगून टाकते, कारण तेव्हा सांगितलं नाही.

जानेवारीत तो 'कायो' म्हणायला लागला, 'तू' म्हणायला लागला. मी 'तुम्ही'वरच अडले होते. "अहो-जाहो कधी सोडणार?" तो विचारायचा आणि मी म्हणायचे, "कधी सोडणार..." मग आम्ही दोघं हसायचो. रविवारी धक्क्यावर जायचो. तो एकेक भेग दाखवायचा, प्रत्येकीला त्याने खडूने नंबर दिला होता. वाऱ्याने माझे केस तोंडावर यायचे. एकदा त्याने ते बाजूला केले आणि बोटं तिथेच, कानापाशी, थोडी जास्त राहिली. माझ्या मनात आलं, आता हे असंच राहावं. तेवढं बोलले असते तरी पुरलं असतं. मी म्हटलं, परतायला हवं, आत्या वाट बघत असेल.

मार्चच्या मध्यात त्याच्या बदलीचा कागद आला. आमच्याकडे एप्रिल आला की माणसं अशीच उचलली जातात. कुशिरो. पार उत्तरेला, दोन विमानं बदलून.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. धक्क्यावरच, सदतीस नंबरच्या भेगेपाशी. हातातला मासळीचा वडा अर्धा खाऊन झाला होता. असा काही प्रसंग वगैरे त्याने जुळवला नव्हता.

"तुमच्याबरोबर...?"

"लग्न करून. तिथे थंडी आहे, पण हवा छान आहे."

मी समुद्राकडे बघत राहिले. मग आत्याच्या डोळ्यांचं सांगितलं. क्लब कोण बघेल, चहा कोण ओतेल, जिना किती उभा आहे. एकेक शब्द खरा होता आणि सगळे मिळून सबब होती. मला खरं तर भीती वाटत होती. मागितलं आणि मिळालं, आणि मग कुणी परत पाठवलं तर... एकदा तोंड पोळलेलं माणूस ताकसुद्धा फुंकून पितं, आणि मी तर फुंकत फुंकत ताक गार करून टाकते. त्याने ऐकून घेतलं. अडवलं नाही.

निघायच्या दोन दिवस आधी त्याने मला खाली गळांच्या दुकानात गाठलं. आजोबा अर्थातच वर होते.

"तुला तोंडाने बोलणं जमत नाही," तो म्हणाला. "नको बोलूस. परवा दुपारी शेवटचा खेळ आहे. त्यात शेवटच्या डावात मी तुझ्या सोंगटीवर जिंकलो, तर ते मी 'हो' समजेन. एवढंच. नाही जिंकलो तर पुन्हा विचारणार नाही, तुला अवघडवणारही नाही."

"आणि दुसऱ्या कुणाच्या सोंगटीवर जिंकलात तर?"

"तर नुसता जिंकेन." त्याने काउंटरवरचं एक शिसं उचलून हातावर तोललं. "तुझ्या सोंगटीवर कुणी जिंकत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच म्हणतोय. चुकून होणार नाही ते."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण त्या दोन दिवसांत मी ठरवलं. खरंच ठरवलं होतं. त्याला काय हवंय ते मी ओळखीन आणि त्याच्यासमोर ठेवीन. आयुष्यात एकदा. आरशासमोर मी त्याला 'तू' म्हणून बघितलं. चेहरा काही हलला नाही, पण आवाज बरा आला.

शनिवार होता. त्याची गाडी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांची. यासूए काकूंनी मुद्दाम आपली जागा मला दिली आणि खिडकीपाशी संत्री सोलत बसल्या. टेबलाशी आम्ही चौघं. रेईजीनंतर आत्या, तिच्यानंतर आजोबा, मग मी, आणि माझ्यानंतर पुन्हा रेईजी. बाहेर पाऊस होता, नुसता पाऊस. बर्फ संपला होता.

शेवटचा डाव आला. रेईजी सावकाश खेळत होता. त्याने बांबू टाकायला सुरुवात केली, दुग्गी, तिग्गी, चौका... चांगले दोन्ही बाजूंनी उघडे असलेले गट त्याने माझ्यासमोर मोडले. मी शिकवलं होतं त्याच्या बरोबर उलट. त्याच्यासमोर टाकलेल्या सोंगट्यांच्या ओळी लांबत गेल्या, त्यांत सगळं होतं. पाखरू नव्हतं. मग त्याने एक सोंगटी आडवी ठेवली, काडी मध्ये ठेवली.

"रीची," तो म्हणाला.

मला तिथल्या तिथे कळलं. तो पाखरावर बसला होता. एकच दार, चार पाखरांतलं एक त्याच्या हातात, उरलेली तीन. याहून वाईट हात कुणी राखत नाही. मला वाचता यावा म्हणून त्याने तो तसा राखला होता. आणि माझ्या हातात, डावीकडे, एक पाखरू होतं.

आत्याने सुरक्षित सोंगटी टाकली. आजोबांनी काहीतरी टाकलं, ते कधी बघून टाकत नाहीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी राखून कुणासाठी ठेवायचं, म्हणतात. माझी पाळी आली. मी उचललं. माझी बोटं पाखराकडे गेली. शप्पथ सांगते, गेली. अंगठ्याला त्याची शेपटी लागली. सगळे वाट बघत होते, खिडकीत काकूंचे संत्र्यावरचे हात थांबले होते... आणि मी त्याच्या ओळीत पहिलीच दिसत होती ती दुग्गी टाकली. त्याची त्याला.

पुढच्या फेरीला, मी मनात म्हटलं. एवढी घाई कशाला? अजून फेऱ्या आहेत. पुढच्या फेरीला नक्की.

रेईजीने उचललं, टाकलं. आत्याने टाकलं. आजोबांनी एक सोंगटी उचलली, नाक खाजवलं आणि टेबलावर ठेवली. पाखरू.

मी श्वास रोखला. रेईजी आता हात उघडेल, नुसता जिंकेल आणि सगळं संपेल. तो बोलला नाही. पाखराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं, मग पाळी माझी होती म्हणून वाट बघायला लागला.

म्हणजे पाखरू नव्हतंच. मी चुकीचं वाचलं होतं. आणि आता मी तुम्हाला माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगते. मला बरं वाटलं. खांद्यावरून पोतं उतरावं तसं हलकं वाटलं. मला त्याची सोंगटी कळलीच नव्हती, म्हणजे माझ्यावर काही येत नव्हतं, मी काही नाकारलं नव्हतं. आणि आजोबांचं पाखरू त्याने जाऊ दिलं होतं, म्हणजे पाखरू आता सुरक्षित होतं. डोळे मिटून टाकावी अशी सोंगटी. मी माझं पाखरू उचललं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

रेईजीने डोळे मिटले. मग उघडले आणि पुढची सोंगटी उचलली.

आणखी सहा फेऱ्या झाल्या. सोंगट्या संपल्या, कुणीच जिंकलं नाही. अशा वेळी रीची केलेल्याने हात उघडून दाखवायचा असतो, बाकीच्यांनी आपला पालथा घालायचा. आम्ही तिघांनी पालथे घातले. रेईजीने आपल्या तेरा सोंगट्या हळूच आडव्या केल्या. बारा सोंगट्यांचे चार गट, आणि कडेला एकटं पाखरू, जोडीच्या शोधात.

"अरे, मी टाकलं तेव्हा झोपला होतास काय?" आजोबा म्हणाले.

"नाही आजोबा. जागा होतो."

"आणि हिने टाकलं तेव्हा?"

"तेव्हा घेता येत नव्हतं," रेईजी म्हणाला. "नियम आहे. हिनेच शिकवलाय."

आजोबांना नंतर काकूंनी समजावलं असेल. रेईजी उठला, आत्यासमोर वाकला, काकूंकडून संत्र्यांची पिशवी घेतली, आजोबांनी खिशातून एक शिसं काढून त्याच्या हातावर ठेवलं. माझ्यासमोर तो आला, मान झुकवली आणि जिना उतरून गेला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

मी खुर्चीत तशीच. आत्याने आपला पालथा हात चाचपला, त्यातली एक सोंगटी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. चौथं पाखरू.

"पहिल्या उचलीलाच अंगठ्याला लागलं होतं," ती म्हणाली. "धरून ठेवलं. दुकानातलं बोलणं जिन्यातून वर ऐकू येतं मला. ते तुझ्या हातून जायला हवं होतं, माझ्या नाही."

"आत्या, तुझे डोळे..."

"डोळे चाललेत माझे, अक्कल नाही. यासूए एप्रिलपासून खालच्या खोलीत राहायला येतेय. जानेवारीतच ठरलंय. तू विचारशील म्हणून थांबले होते." तिने पाखरू माझ्या मुठीत दाबलं. "पाचला वीस आहेत. जा. दे त्याला. बोलू नकोस, नुसतं दे."

मी धावले. आमच्या भागात म्हणतात, डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. मी छत्री विसरले.

तो फलाटावर एकटाच होता. गाडी लागलेली होती, दोन डब्यांची. मला बघून तो पुढे आला आणि आधी छत्री माझ्या डोक्यावर धरली.

"तुझी कुठंय?"

"विसरले."

"इथली माणसं विसरत नाहीत."

"पाखरू मी टाकणार होते," मी म्हटलं. धाप लागली होती. "पुढच्या फेरीला. आजोबांनी टाकलं नसतं तरी. ठरवलं होतं मी."

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. शोधत राहिला. मला जाणवत होतं, तोंडावरून पाणी ओघळतंय आणि चेहरा तसाच आहे, कोरा, अठरा वर्षं घोटलेला.

"मागे उभी असतीस तर कळलं असतं," तो म्हणाला. "श्वासावरून. पण तू धावत आलीयेस." मग अगदी हळू, "आजोबांचं घेतलं असतं तर डाव तिथेच संपला असता. मला बघायचं होतं, तू टाकतेस का. नियमाने घेता येणार नाही हे माहीत होतं, तरी बघायचं होतं."

"मी टाकलं."

"टाकलंस," तो म्हणाला. "सुरक्षित झाल्यावर."

घंटा वाजली. त्याने विचारलं, "आणि आता?"

माझा उजवा हात कोटाच्या खिशात होता. मुठीत पाखरू होतं. अंगठा त्याच्या शेपटीवर होता. हात बाहेर काढायचा, एवढंच. एक वीत अंतर. तो थांबला होता, गार्ड शिट्टी तोंडात धरून आमच्याकडे बघत थांबला होता, आणि मी मनात मोजत होते. आता दिलं आणि त्याने नाही म्हटलं तर, हो म्हटलं तर, कुशिरोला गेल्यावर एक दिवस...

त्याला माझी दया आली. यासूए काकूंची आली होती तशीच. त्याने छत्री माझ्या डाव्या हातात दिली.

"थंडी आहे. घरी जा, कायो. पोहोचलो की कळवतो."

"हो," मी म्हटलं. "पोहोचलात की कळवा."

बोलून गेले आणि मग ऐकलं. त्यानेही ऐकलं. तो हसला, डिसेंबरात जिन्याखाली हसला होता तसाच, फक्त या वेळी डोळे भरलेले होते. मग तो चढला आणि दार बंद झालं. गाडी वळणाआड गेल्यावर माझा चेहरा मोडला. ओठ, गाल, सगळं. फलाटावर बाक धरून मी मोठ्याने रडले. बघायला कुणी नव्हतं. असतं तर बहुतेक रडलेही नसते.

त्याने शब्द पाळला, चौथ्या दिवशी कार्ड आलं. 'पोहोचलो. थंडी आहे.' खाली पत्ता नव्हता. सुरक्षित होतं ते उत्तर, आणि मी त्याला दोष देत नाही.

पण त्या संध्याकाळचं राहिलंच. मी वर आले तेव्हा क्लबात आत्या एकटी होती, दिवा न लावता. तिला तसाही फारसा उपयोग नसतो. ती सोंगट्या पेटीत भरत होती. मी समोर बसले आणि खिशातलं पाखरू टेबलावरच्या ढिगात सरकवलं. आवाज होऊ न देता. ओली छत्री जिन्यात ठिबकत होती.

आत्याचे हात ढिगातून फिरत होते, एकेक सोंगटी अंगठ्याखालून जात होती. बांबूपाशी आल्यावर ती थांबली. एक पाखरू बाजूला ठेवलं. दुसरं, तिसरं. मग बराच वेळ नुसतीच चाचपत राहिली, आणि तिला ते सापडलं. पावसाने अजून ओलं होतं. तिने ते पदराला पुसावं तसं किमोनोच्या बाहीला पुसलं.

"चारही आहेत," आत्या म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "चारही आहेत."